मधला आकडा

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रेझिन बनवणारी एक कंपनी होती. तिच्या स्टोअर्सच्या वरच्या मजल्यावर काचेचं दार लावलेली एक खोली होती, आणि सगळ्या कंपनीत एसी फक्त त्या खोलीत होता. तो कॉम्प्युटरसाठी बसवलेला. तरी एप्रिल-मे आला की अकाउंट्सची मंडळी काहीतरी निमित्त काढून वर यायची आणि उगाच उभी राहायची. स्मिता देवस्थळीला ते आवडायचं. आपल्या घरी पाहुणे आल्यासारखं तिला वाटायचं.

ती खोली जवळजवळ तिचीच होती. आधी ती कंपनीच्या फोर्टच्या ऑफिसात पंच ऑपरेटर होती. दिवसभर कार्डांना भोकं पाडायची आणि संध्याकाळी दादरला एका क्लासला जाऊन कोबोल शिकायची. लग्न झालं, नवऱ्याने, म्हणजे दिनानाथने, वाशीला सिडकोचा फ्लॅट घेतला, आणि त्र्याऐंशी साली कंपनीने तळोज्याला कॉम्प्युटर आणला. तो चालवायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा हात वर करणारी ती एकटी होती.

तिने लिहिलेला पहिला मोठा प्रोग्राम स्टोअर्सच्या मालाचा. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर घालतात. हा हार्डनर दुधासारखा नाशवंत. डब्यावर लिहिलेली तारीख उलटली की तो कामातून जातो, आणि उन्हाळ्यात तर आत वायू धरून डबा फुगतो. म्हणून कुठला डबा कधीपर्यंत वापरायचा हे कॉम्प्युटरने सांगायला हवं होतं. पण कॉम्प्युटरला तारीख म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी सगळे आकडेच. तीस एप्रिलच्या पुढे एक मे येतो, एकतीस एप्रिल येत नाही, हे त्याला सांगावं लागत होतं. फेब्रुवारी कधी लांबतो, डिसेंबर संपला की साल कसं बदलतं, सगळं. स्मिताने घरच्या जेवणाच्या टेबलावर आलेखाचे कागद पसरून एकेक महिना बसवला होता. चालू झाल्यापासून तो हिशेब एकदाही चुकला नाही. 'देवस्थळीबाईंची तारीख' असंच त्याला कंपनीत म्हणायचे.

फक्त ती तारीख कडक होती. आधी साल, मग महिना, मग दिवस, सगळे मिळून सहा आकडे. मध्ये टिंब नाही, रेघ नाही. एक आकडा इकडचा तिकडे झाला की पडद्यावर 'इनव्हॅलिड डेट' यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. खालच्या गोदामाचे इनचार्ज रावसाहेब खरात यावर फार कुरकुरायचे. "बाई, डब्यावर एक लिहिलेलं असतं, तुमचं मशीन भलतंच मागतं," असं म्हणत ते मनातल्या मनात महिना उलटसुलट करून टाइप करायचे. स्मिता ऐकून घ्यायची आणि काही बदलायची नाही. लोकांनी तारखेपाशी जरा थांबावं, डोकं लावावं, असं तिचं मत होतं.

सत्याऐंशीच्या जानेवारीत गोजरा तांडेल आली.

गोजरा खाडीकाठच्या करावे गावची. शहर बसवताना गावची शेती गेली, मिठागरं गेली, आणि ज्यांचं गेलं त्यांच्या मुलांना आसपासच्या कारखान्यांत जागा द्यायच्या असं ठरलेलं. त्या जागेवर ती आली. कोट्यातली म्हणजे असेल कुणीतरी, दोन-चार महिने फायली लावेल, असं स्मिताने धरून ठेवलं होतं. पण मुलगी गणितात बीएस्सी होती, चेंबूरला प्रोग्रामिंगचा डिप्लोमा केलेली होती, आणि तिला कुणाचीच भीती नव्हती. बाप अजून खाडीत होडी घालायचा. तिला आजीचं नाव ठेवलेलं, आणि त्यावरून कुणी हसलं तर ती त्याच्यापेक्षा मोठ्याने हसायची. ऑफिसात शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची, पण बोलण्याच्या भरात मधेच 'आहे'च्या जागी एखादा 'हाय' निसटायचाच.

त्याच सुमारास मॅनेजर केळुसकरांनी एक नवा पीसी घेतला. टेबलावर मावेल एवढा. तो शिकायची पाळी पहिल्यांदा स्मिताची होती, पण तिच्याकडे पगाराचा प्रोग्राम अडकलेला. "तोवर गोजराला बसू द्या," केळुसकर म्हणाले. स्मिता म्हणाली, "हो, बसू दे की."

मार्चमध्ये गोजराने सगळ्यांना बोलावून स्टोअर्सचा नवा प्रोग्राम दाखवला. रावसाहेबांना तिने खुर्चीवर बसवलं.

"रावसाहेब, डब्यावर जसं दिसतंय तसं मारा. टिंब द्या, तिरकी रेघ द्या, महिना अक्षरात लिहा. चालेल."

रावसाहेबांनी एका बोटाने बावीस, टिंब, दोन, टिंब, सत्याऐंशी असं मारलं. पडद्यावर '२२ फेब्रुवारी' आलं, इंग्रजीत, अक्षरात. मग त्यांनी आधी महिना आणि नंतर दिवस लिहून पाहिला. तेच आलं. रोमन आकड्यात महिना लिहिला. तेच आलं.

"आयला," रावसाहेब म्हणाले, आणि मागे वळून बायकांना बघून ओशाळले. "म्हणजे याला कळतंय की हो, मला काय म्हणायचंय ते!"

"आणि मी 'परवा' असं लिहिलं तर?" केळुसकरांनी विचारलं.

"तेही घालते सर. एक आठवडा द्या."

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. केळुसकर स्मिताकडे वळून म्हणाले, "देवस्थळीबाई, बघा. आता माणसाला मशीनसाठी कसरत नको." त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी ते वाशीच्या पुलाबद्दल बोलावं तसं सहज म्हटलं.

स्मिता हसली. गालाचे स्नायू वर गेलेले तिला नीट कळत होते.

आणि मग गोजरा म्हणाली, "सर, लीप इयरचा हिशेब मात्र मॅडमचाच आहे. जसाच्या तसा उचललाय मी. त्याच्याहून चांगला मला जमलाच नाही."

हे ती म्हणाली नसती तर बरं झालं असतं. तिने चोरी केली असती तर स्मिताला रागवायला काहीतरी हाताला लागलं असतं. इथे लोक कौतुकाने तिच्याकडेही बघत होते, आणि ते कौतुक गोजराच्या हातून वाढल्यासारखं तिच्या पानात पडत होतं.

घरी तिने दिनानाथला सांगितलं.

"चांगलंय की," तो म्हणाला, "तुझं काम हलकं झालं."

"मला हलकं नको होतं."

"मग काय हवं होतं?"

तिने भेंडी इतक्या जोरात चिरली की विळीचा पाट हलला.

त्यानंतर तिच्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. कंपनीची बस वाशीहून सुटायची, ती बेलापूरच्या फाट्यावर गोजराला घ्यायची, आणि तिथवर पेंगत आलेले लोक गोजरा चढली की जागे व्हायचे. जेवणाच्या सुट्टीत ती सुक्या जवळ्याची चटणी आणायची आणि टेबलाभोवती हात यायचे. अकाउंट्सची मंडळी आता एसीच्या निमित्ताने वर येईनात. ती सरळ गोजराकडे यायची, एखाद्याला पगारवाढीची तारीख काढून हवी असायची, एखाद्याला मुलाचा जन्म कुठल्या वारी झाला ते. गोजरा दोन बटणं दाबायची आणि सांगायची, "गुरुवार." स्मितालाही ते काढता आलं असतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ती गोजराचे दोष मोजू लागली. मोठ्याने बोलते. चपला दाराशी काढत नाही. फोनवर घरच्यांशी गावच्या भाषेत ओरडते. पण त्यातलं काहीच तिच्या कामाला लागत नव्हतं, आणि स्मिताला कामातलंच काहीतरी हवं होतं.

एका दुपारी गोजराने प्रोग्रामची छापील प्रत तिच्यापुढे ठेवली. "मॅडम, एकदा नजर घाला ना. तुमची नजर गेली की मला बरं वाटेल."

स्मिताने ती प्रत दोन दुपारी वाचली. पेन्सिल हातात घेऊन, ओळ न् ओळ. एखाद्या सासूने सुनेचा डबा उघडून बघावा तशी. लिखाण चांगलं होतं. इतकं चांगलं की मध्येमध्ये तिला शोधायचं विसरायला व्हायचं आणि ती नुसतीच वाचत जायची, मग स्वतःवर चिडायची.

आणि मग तिला सापडलं.

तारीख नुसत्या आकड्यांत लिहिलेली असेल तर आधी दिवस आहे की महिना, हे गोजराने मधल्या आकड्यावरून ठरवलं होतं. मधला आकडा बारापेक्षा मोठा असेल तर तो महिना असूच शकत नाही, म्हणजे लिहिणाऱ्याने महिना आधी लिहिलाय. बारा किंवा कमी असेल तर तारीख आपल्या पद्धतीची, आधी दिवस. ऐकायला बरोबर वाटत होतं. पण हार्डनरचे काही कॅन अमेरिकेहून यायचे. तिथे नेहमीच महिना आधी लिहितात. त्यांच्या तारखेत दिवस बाराच्या आतला असला की हा प्रोग्राम तो महिना समजणार आणि डोळे मिटून उलटं वाचणार. एप्रिलची नऊ तारीख त्याला सप्टेंबरची चार वाटणार.

स्मिताच्या प्रोग्राममध्ये हे होत नव्हतं, कारण तिने रावसाहेबांना पूर्वीच समोर बसवून सांगितलं होतं, "ते परदेशी पांढरे कॅन उलटे लिहिलेले असतात हं, बघून मारा." रावसाहेब तेव्हा डोकं खाजवत का होईना, बघून मारायचे. आता त्यांना सांगितलं होतं, जसं दिसतंय तसं मारा.

तिने पेन्सिल खाली ठेवली. छातीत काहीतरी हलकं हलकं झालं. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मॅडम, काही सापडलं?" गोजराने विचारलं.

"नाही," स्मिता म्हणाली. "ठीक आहे."

तिचा काही करायचा बेत नव्हता. तिला फक्त ते थोडे दिवस आपल्यापाशी ठेवायचं होतं. सगळे गोजराचं कौतुक करत असताना ती गप्प बसायची आणि मनात म्हणायची, तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे. एखाद्या मीटिंगमध्ये, केळुसकरांसमोर, अगदी सौम्यपणे ती विचारणार होती, "गोजरा, त्या इम्पोर्टेड कॅनचं काय केलंस गं?" ते वाक्य तिने बसमध्ये खिडकीकडे तोंड करून अनेकदा मनात घोळवलं. मीटिंग काही लागेना.

मे महिन्यात केळुसकरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सिस्टम्स ऑफिसरची नवी जागा मंजूर झाली होती. स्मिता त्या जागेची वाट कॉम्प्युटर आला तेव्हापासून पाहत होती.

"तुम्ही सिनियर, म्हणून तुम्हाला आधी सांगतो," ते म्हणाले. "हेड ऑफिसला पीसीवाला माणूस हवाय. गोजराचं नाव गेलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याशिवाय पगार निघत नाही हे मला ठाऊक आहे."

"नाही, छे," ती म्हणाली. "गुणी मुलगी आहे."

बाहेर येऊन तिने बेसिनपाशी तोंड धुतलं. आरशात बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या पावत्यांवर सही घ्यायला ती खाली गेली. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखी हवा होती. रावसाहेब पंख्यासमोर उभे राहून किसनला सांगत होते, तो हातगाडीवर पांढरे कॅन चढवत होता. किसन गोदामातला हेल्पर, तिशीतला, तळोज्याच्या जुन्या गावातला.

"तीन नंबरच्या शेडला हार्डनर हवाय," रावसाहेब म्हणाले. "म्हटलं, हे अमेरिकन काढूया. मशीन म्हणतंय सप्टेंबरपर्यंत चालतील."

स्मिता गाडीपाशी उभी होती. लेबल तिच्या कमरेच्या उंचीवर होतं. '०४/०९/८७ पूर्वी वापरा' असं त्यावर इंग्रजीत छापलं होतं. कॅनचा खांदा किंचित वर आलेला, फुगलेल्या पुरीसारखा. किंवा तो तसाच असेल. तिला नक्की सांगता आलं नसतं.

बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. ते तोंडाशी आलं. पण त्याच्यामागोमाग गोजराचं नाव आलं, आणि हेड ऑफिस आलं, आणि तिला वाटलं, हार्डनर जुना असेल तर माल घट्ट होणार नाही. एक घाणा वाया जाईल. तपास होईल. मग मीटिंग लागेल. जास्तीत जास्त काय, एक घाणा.

"सही देता ना?" ती म्हणाली.

रावसाहेबांनी सही केली. ती जिना चढून वर आली.

वर गार होतं. गोजरा फोनवर कुणाशी तरी हसत होती. स्मिताने पगाराची फाइल उघडली. तिला तो कॅनचा वर आलेला खांदा दिसायला लागला. तिने पान उलटलं. पुन्हा तोच खांदा. पुरीसारखा नव्हता, जास्त होता. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग एकदम दार ढकलून ती जिन्यावरून खाली धावत सुटली. पदर कठड्याच्या खिळ्यात अडकून फाटला तरी ती थांबली नाही.

"किसन! उघडू नको!" तिने गोदामाच्या दारातूनच हाक मारली.

किसन तिथे नव्हता. गाडी तीन नंबरच्या शेडमध्ये गेली होती. ती अंगण ओलांडत असतानाच तिला ते ऐकू आलं. सोड्याची बाटली फोडावी तसा आवाज, फक्त मोठा. त्यामागून किसनची किंकाळी.

टोपण फिरवताच आतल्या जोराने हार्डनर उडाला होता आणि त्याच्या तोंडावर आला होता. उकाड्याने घामेजून धूसर होतो म्हणून त्याने डोळ्यांवरचा सुरक्षेचा चष्मा कपाळावर सरकवलेला. रावसाहेबांनी त्याला मानेला धरून नळाखाली घातलं. स्मिताने नळाची नळी धरली. किसन हात झाडत होता, ओरडत होता, आणि रावसाहेब एकसारखे म्हणत होते, "डोळा उघड रे लेका, उघड, पाणी जाऊ दे." गोजराही धावत आली. तिने त्याचे दोन्ही हात मागून घट्ट धरले. रुग्णवाहिका येईपर्यंत तिघंही त्याला धरून उभी होती, नखशिखांत भिजलेली.

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर किसनची बायको काशी बसली होती. डॉक्टर म्हणाले, डावा वाचेल, उजव्याचं सांगता येत नाही. पाणी लगेच मारलं म्हणून एवढं तरी.

गोजरा कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीला टेकून उभी होती. तिने रिकाम्या कॅनचं लेबल पाहिलं होतं आणि तिला सगळं कळलं होतं. "माझी चूक," ती म्हणाली, स्मिता जवळ गेल्यावर. "मधला आकडा. मी धरूनच चालले की सगळे आपल्यासारखंच लिहितात. अमेरिकेचा माल येतो हे मी विचारलंसुद्धा नाही. मी आत्ता जाऊन केळुसकर सरांना सांगते."

स्मिताला वाटलं, आता गप्प राहिलं तर कुणाला कधीही कळणार नाही. तिला ते इतकं स्पष्ट वाटलं की तिची तिलाच भीती वाटली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू प्रत वाचायला दिली होतीस तेव्हाच मला दिसलं होतं. आणि सकाळी मी खाली गेले होते. लेबल बघितलं होतं."

ऑफिसातली भाषा गोजराच्या तोंडून गळून पडली.

"तुमाला माईत व्हता? आन् तुमी गप रायल्याव?"

"गोजरा, मी नंतर धावत—"

"माझेवर राग व्हता तं माझे तोंडावर बोलायचा व्हता. थुंकायचा व्हता. किसननी तुमचा काय केलता?" तिचा आवाज चढला, तशी बाकावरची काशी वळून बघू लागली. गोजराने आवाज खाली आणला. "मी तुमाला प्रत दिली. का दिली? तुमच्यासारखा हिशेब मना यावा म्हनून दिली."

स्मिता वळली आणि कंपनीत परत जायला निघाली.

त्याच संध्याकाळी तिने केळुसकरांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते तोवर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मग म्हणाले, "फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहे. नवी मुलगी होती, तिच्या हातून चुकलं, एवढं मी समजावू शकतो. माहीत असून कुणी बोललं नाही, हे मी समजावू शकत नाही. तुम्ही मला काही सांगितलेलं नाही, बाई."

"पण मी सांगितलं आहे."

"घरी जा. फाटलेल्या साडीत बसू नका इथे."

गोजराला मेमो मिळाला आणि तिची बढती थांबली. स्मिताने तिला सांगितलं, की मी साहेबांकडे गेले होते, त्यांनी ऐकलं नाही. गोजरा म्हणाली, "साहेबांना सांगून काय होणार? डोळा साहेबांचा गेला का? किसनला सांगा."

म्हणून एका रविवारी स्मिता तळोज्याच्या जुन्या गावात गेली. किसन ओटीवर बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. काशीने चहा आणून ठेवला. स्मिताने चहाला हात लावायच्या आधी सगळं सांगितलं. तारीख कशी उलटी वाचली गेली, तिला कसं दिसलं होतं, ती सकाळी गाडीपाशी कशी उभी होती. का गप्प राहिले, तेही सांगितलं. हेवा हा शब्द तिने तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला.

किसनला तारखेचं फारसं कळलं नाही. त्याने मान हलवली. "बाई, चष्मा मीच वर केलता," तो म्हणाला. "उकडत व्हतं. तुमचा काय दोष हाय त्यात. तुमी तं पानी मारलं."

काशीला मात्र कळलं होतं. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिने पुढे होऊन स्मितासमोरचा कप उचलला, भरलेला, आणि आत घेऊन गेली. स्मिता उठली. किसनने "परत या" म्हटलं. काशी बाहेर आली नाही.

तारखेचा भाग दोघींनी मिळून पुन्हा लिहिला. आता माल कुठल्या कंपनीचा ते आधी सांगावं लागायचं, मग तारीख, आणि मग पडदा महिना अक्षरात दाखवून विचारायचा, हाच का? 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही. रावसाहेब आता कुरकुरत नसत. ते लेबल वाचायचे, पडदा वाचायचे, आणि पुन्हा लेबल वाचायचे. गोजरा स्मिताशी कामापुरतं बोलायची. "ही ओळ तपासा." "झाली." जवळ्याची चटणी टेबलावर यायची, पण डबा स्मिताच्या बाजूला सरकायचा नाही.

वर्षअखेरीला सिस्टम्स ऑफिसरची जागा स्मिताला देऊ केली गेली. तिने आधी नको म्हटलं. केळुसकर म्हणाले, मग हेड ऑफिसहून माणूस येईल. ती दोन रात्री झोपली नाही, आणि तिने ती जागा घेतली. किसनला कंपनीने गेटवर टाइमकीपरचं काम दिलं. उजव्या डोळ्याने त्याला फक्त उजेड कळायचा. रोज सकाळी बस आत शिरताना तो हात वर करायचा आणि स्मिताही करायची.

गोजरा एकोणनव्वद साली गेली. सांताक्रूझला परदेशी कामं करणाऱ्या एका कंपनीने तिला घेतलं. शेवटच्या दिवशी सगळी कंपनी वर आली, खोलीत उभं राहायला जागा उरली नाही, आणि रावसाहेबांनी भाषण करताना दोनदा नाक शिंकरलं. स्मिता आपल्या खुर्चीत बसून बघत होती. तो जुना हेवा अजून तसाच होता. इतकं होऊनही तो मेला नव्हता याचं तिला आश्चर्य वाटलं.

गर्दी खाली गेल्यावर गोजरा पर्स घ्यायला परत आली. दारात थांबली.

"तिकडच्या मशीनवर युनिक्स आहे म्हणतात," ती म्हणाली. बोलावं की नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "मला येत नाही ते. सगळे आयआयटीवाले आहेत."

स्मिताने तिच्याकडे पाहिलं. त्या मुलीला भीती वाटताना ती पहिल्यांदाच बघत होती. गप्प राहणं सोपं होतं.

"तुला येईल," ती म्हणाली. "आठवड्यात येईल. माझ्यापेक्षा तुझं डोकं चांगलं आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते बोलणं तिला जड गेलं. गोजराने मान डोलावली. आभार मानले नाहीत. पर्स खांद्याला लावून ती जिना उतरली, आणि खाली अंगणात तिला कुणीतरी काहीतरी म्हणालं, त्यावर ती नेहमीसारखी मोठ्याने हसली. वर खोलीत ते हसणं स्पष्ट ऐकू आलं. स्मिताने उठून दार लावून घेतलं, आणि पगाराची फाइल उघडली.